चढणीवर सुटणारा दुसरा गिअर

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने मला फसवले. गिअरबॉक्स आतून संपलेली गाडी त्याने मला चांगली म्हणून विकली. हे सगळ्या नातेवाइकांत बोलून झाले आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

मी सहज फसणाऱ्यांतला नव्हे. सायकलवरून सुके बांगडे विकत सुरुवात केली आणि भाव केल्याशिवाय कधी काही घेतले नाही. नारळसुद्धा कानाशी हलवून घेतो. पण मेहुण्याशी घासाघीस करणे आमच्याकडे बरे दिसत नाही. तो वेंगुर्ल्याहून गाडी घेऊन आला, मालवणात आमच्या घरापुढच्या खळ्यात उभी केली, बहिणीच्या हातची सोलकढी प्यायला, आणि मी बॉनेट न उघडता हो म्हणालो. चालवून पाहिली ती बंदरापर्यंत, सपाट रस्त्यावर. गाडी मुकाट चालली.

गाडी मी भाड्याने चालवतो, आणि माझे एक भाडे कायमचे होते. आमच्या वाडीतल्या निवृत्त शिक्षिका, ख्रिस्ती बाई, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ओरोसला जातात. मालवण ते कसाल, तिथून हायवेने पुढे. त्यांना मशीनची वेळ ठरवून दिलेली असते. ती चुकली की मशीन दुसऱ्याला जाते आणि बाईंच्या अंगात पाणी साठत राहते. मी त्यांना शब्द दिला होता की माझ्या गाडीत असताना वेळ चुकणार नाही.

महिनाभराने आवाज ऐकला तोही त्यांनीच.

"दुसऱ्यात घातलंस की ही रडता रे," त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या.

"डिझेलची गाडी, बाई. आवाज करतलीच."

"पस्तीस वर्षां वर्ग सांभाळलंय. कोण उगाच रडता आणि कोणाच्या पोटात खरा दुखता, ता माका कळता."

मी हसण्यावारी नेले. पण त्या दिवसापासून माझा कान गाडीतच अडकला. न्यूट्रलमध्ये उभी असली की खालून घरघर यायची, क्लच दाबला की थांबायची, सोडला की पुन्हा सुरू. रिव्हर्स टाकताना करकरायची. सकाळी थंड असताना लिव्हर दुसऱ्यात जायला कुरकुर करायचा. बाई तासन्‌तास मशीनवर असत आणि मी बाहेर गाडी चालू ठेवून क्लच दाबत सोडत बसे. घरी मिक्सर लागला तरी जेवणावरून उठून खळ्यात जाऊन यायचो. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्याला तिथल्या तिथे सांगितले असते, आजच मिस्त्रीकडे जा. स्वतःला मात्र समजावत राहिलो: खारी हवा, खड्डे, पायाची सवय.

मग कसालच्या अलीकडच्या चढणीवर दुसरा गिअर सुटला. लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये आला, इंजिन ओरडले आणि गाडी मागे सरकू लागली. ब्रेक दाबून पुन्हा गिअर टाकला, बाईंना वेळेत पोचवले. पुढच्या खेपेला तिथेच तेच. मी मेहुण्याला फोन केला.

"खंय सुटता?" त्याने विचारले.

"कसालच्या अलीकडे, चढणीर. दुसरीकडे खंय नाय."

"भावोजी, थंय राखणदाराची जागा आसा. नवी गाडी तेच्या हद्दीतून नेलास, नारळ दिलास काय?"

दिला नव्हता. वाट राखणाऱ्याला मान दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी नवी गाडी त्याच्या हद्दीतून नेत नाही, आणि मी विसरलो होतो. शिवाय गिअर नेमका तिथेच सुटतो, म्हणजे खूण पटत होती. त्या अख्ख्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरवर एवढे ओझे पडेल अशी चढण तीच एक आहे, हे माझ्या डोक्यात आले नाही. मी नारळ ठेवला, बाईंची वेळ चुकू देऊ नकोस म्हणून गाऱ्हाणे घातले, आणि भीतीने पुढची चढण पहिल्या गिअरमध्ये चढलो. गिअर सुटला नाही. राखणदाराने ऐकले असे समजून आणखी तीन आठवडे तसाच पहिल्यात चढत राहिलो.

एका सकाळी चढणीच्या मध्यावर गाडी थांबली. लिव्हर गिअरमध्ये, इंजिन चालू, चाके हलत नाहीत. बाईंना मागून आलेल्या एका टेम्पोत बसवून दिले. त्या पोचेपर्यंत मशीन दुसऱ्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी नंबर लागला तोवर त्यांच्या पायांवर बोट दाबले की खळगा राहत होता आणि दोन वाक्ये बोलताना दम लागत होता.

कसालच्या मिस्त्रीने गिअरबॉक्सचे तेल एका पसरट भांड्यात काढले. तेल लापशीसारखे दाट होते. त्याने बोटाने ढवळून वर धरले: भिजलेला लाकडाचा भुसा, त्यात लोखंडाचे चकचकीत कण.

"भुसो घातलो की गिअरच्या दातांचो आवाज बसता," तो म्हणाला. "म्हयनोभर. विकूक तेवढो पुरे. मगे गाडी आपणच बोलाक लागता. तू खंय होतंस इतके दिस?"

"राखणदाराक नारळ देत होतंय."

"तेणा तुका माझ्या दारात आणून सोडल्यान. आणखी काय करूचा तेणा?"

मला हसू आले नाही.

बायको भावाची बाजू घेते. "तेकापण कोणीतरी तशीच दिली आसतली," ती म्हणते. "तुमका सगळ्यांचो संशय. माझ्या भावाक तरी सोडा." असेलही. भुसा कोणी घातला हे मी शपथेवर सांगू शकत नाही. जुनी गाडी खपवणे हा धंदा आहे, तो मलाही कळतो. मीच बॉनेट उघडायला हवे होते, तेवढी चूक मी माझ्याकडे घेतो.

पण मेहुण्याला केलेला तो फोन धंद्यातला नव्हता. मी मदत मागत होतो आणि मागे कोण बसते हे त्याला ठाऊक होते. बाई आता दुसऱ्याच्या रिक्षाने जातात. मला बघून हात करतात, गाडीकडे बघत नाहीत.

मेहुणा आता माझे फोन उचलत नाही, बहिणीकडे निरोप ठेवतो की भावोजी शांत झाले की येतो. मी शांत होणार नाही. त्याने वेंगुर्ल्याहून यावे, आधी बाईंच्या दारात जावे आणि त्यांच्यासमोर मला सांगावे: नारळाचे विचारलेस तेव्हा गिअरबॉक्सच्या आत काय आहे हे तुला माहीत होते की नव्हते?