मास्तरांची पाठ आणि प्रवरेवरचा अरुंद पूल

साळवे मास्तरांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि अप्पा ओट्यापाशी उभे राहून नुसते "व्हय... व्हय" करत होते. अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त एसटी ड्रायव्हर. साळवे मास्तर त्यांचे कंडक्टर; एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. दोघांनी अकोले तालुक्यात एकाच रूटवर पंधरा वर्षं एकत्र काढली. फोन ठेवून अप्पा म्हणाले, "आपल्या रूटवरचा, प्रवरेवरचा जुना पूल पाडत्यात म्हनं. शेजारी नवा झाला."

माझं लाटणं थांबलं. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझं वेड माहीत आहे. लोक किल्ले बघतात, लेणी बघतात, मी सिमेंटचे जुने पूल बघत हिंडते. नवरा म्हणतो, "हिला ताजमहालला नेलं तरी ही यमुनेवरचा पूल विचारेल." म्हणू दे. किल्ल्याच्या दगडाला हात लावून माणसं डोळे मिटतात आणि सिमेंटच्या पुलावर थांबतात ती फक्त कुणाला मळमळलं तर, याचं मला खरंच वाईट वाटतं. सळई आणि सिमेंट आपल्याकडे नवं होतं, तेव्हाच्या लोकांनी घमेल्याघमेल्यानं माल वाहून त्या कमानी ओतल्या. इतक्या सडपातळ कमानी आज कुणी ओतत नाही.

"रविवारी ग्रामसभा हाय," अप्पा म्हणाले. "पाडायचा का पायी चालायला ठिवायचा, ते गावानं ठरवायचं. मास्तर म्हनत्यात, तुमी या अन् दोन शब्द बोला."

पोळी तव्यावर करपेपर्यंत माझं भाषण मनात लिहून झालं होतं. ज्या पुलावरून अर्धं आयुष्य गेलं, तो वाचवायला म्हातारा ड्रायव्हर उभा राहतो, वगैरे. अप्पांना एकदा विचारावं, एवढं मात्र सुचलं नाही.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी सहाला हडपसर सोडलं. तुम्ही जाणार असाल तर याहून उशीर करू नका, चाकण तुमचा तासभर खाऊन टाकेल. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत नाशिक हायवेनं संगमनेर गाठायचं आणि तिथून डावीकडे अकोल्याचा रस्ता धरायचा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघतानाच बघा. मी टोलनाक्यावर बघितलं आणि मागच्या टेम्पोवाल्याकडून माझा उद्धार करून घेतला. आळेफाट्याला मासवडी खायला थांबलो. रस्सा झणझणीत, भाकरी गरम, दोघांचं पोट चारशेच्या आत भरलं.

तिथं मी विचारलं, "अप्पा, उद्या काय बोलायचं ठरवलंत?"

"पाडा म्हननार."

माझा घास हातातच राहिला. "पाडा? अहो, तुमचा पूल आहे तो!"

"माझा कशाचा? सरकारचा हाय." त्यांनी भाकरी रश्श्यात चुरली. "जेव तू."

चंदनापुरीचा घाट उतरेपर्यंत आम्ही बोललो नाही. मी रागावले होते, हे कबूल करते. घाट संपल्यावर अप्पा आपणहून बोलायला लागले. पूल इतका अरुंद, की दोन्ही आरशांच्या बाहेर वीतभर जागा उरायची. समोरून बैलगाडी आली तर मागं सरकायची सोय नाही. म्हणून पुलाच्या तोंडाशी मास्तर खाली उतरायचे, शिट्टी वाजवत पुढं चालायचे, पलीकडची वाहनं थोपवायचे, आणि त्यांच्या मागून अप्पा गाडी काढायचे. रोज चार वेळा, उन्हात नि पावसात.

"तू पूल पूल करती," अप्पा म्हणाले. "मला पूल म्हंजी मास्तरची पाठ. त्या पाठीवरची नजर काढली की चाक गेलं कठड्यात. बाकी पूल काळा का गोरा, मला ठावं न्हाई."

मग त्यांनी ते सांगितलं, जे घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. एका पावसाळ्यात दुपारी नदी पुलाला लागली होती. अप्पांनी गाडी उतारावरच थांबवली. पाणी किती आहे ते बघून येतो म्हणून मास्तर पुढं गेले. पाऊस एवढा, की काचेतून धड दिसेना. मधल्या कमानीवर मास्तरांचा पाय सरकला आणि पाठ दिसेनाशी झाली.

"गाडी उतारावर, आत मानसं भरल्याली. ब्रेकवरचा पाय काढता येईना. मी उतरलो न्हाई, वैशे. बसून ऱ्हायलो." खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाले, "मास्तर आले परत, भिजून. मी काय बोललो न्हाई, त्येंनी काय इचारलं न्हाई. पर तवापासून तो पूल मला नको झाला."

मी गाडी चालवत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुलावर रील करणाऱ्यांची जत्रा भरेल आणि ते पाप माझ्या माथी नको. साळवे मास्तर फाट्यावर उभे होते, अंगानं बारीक, ताठ, ऐंशीला टेकलेले. "सलाम ड्रायव्हरसायेब! लेकीला बसवलं का सीटवर?" अप्पा हसले, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देईनात. मास्तरांच्या सुनेनं हुलग्याची शेंगोळी केली होती. त्या दोन वाट्यांसाठीसुद्धा मी पुन्हा दोनशे किलोमीटर जाईन.

उन्हं कलल्यावर मी मास्तरांसोबत नदीच्या पात्रात उतरले. अप्पा काठावरच थांबणार होते, पण मास्तरांनी त्यांचा हात धरून खाली आणलंच. (चपला घालून जाऊ नका, गोटे निसरडे आहेत.) पाच कमानी. खालच्या बाजूला सिमेंट ओतताना लावलेल्या लाकडी फळ्यांचे ठसे अजून स्वच्छ, लाकडाच्या गाठीसुद्धा उमटलेल्या. दोनतीन ठिकाणी सिमेंट सुटून गंजलेली सळई दिसत होती, तेही सांगायला हवं. माझं प्रेम आंधळं नाही. मी फोटो काढत होते. थोड्या वेळानं वळून बघितलं तर अप्पा मान वर करून उभे. टोपी हातात.

"हे असं हाय व्हय खालनं?" ते म्हणाले. "एवढी वर्सं याच्या उरावरनं गेलो, तोंड कवा पाह्यलं न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसतच नाही, त्याला रस्ताच दिसतो, हे इतके पूल पालथे घालून माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी उपासना आटोपून मास्तर पांढऱ्या शर्टात आले. सभेआधी आम्ही तिघं पुलावरून चालत निघालो. मधल्या कमानीवर मास्तर थांबले. कठड्याला तिथं ओळीनं चौकोनी भोकं आहेत. एका भोकात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला.

"हितं," ते मला म्हणाले. "तुझ्या बापाला इचार. ह्या कठड्यानं धरलं म्हनून आज मी हाय. मी ह्यो पाडू देईन व्हय?"

अप्पा म्हणाले, "मास्तर, मी उतरलो न्हाई."

"आं?"

"त्या दिवशी. मी गाडीतच बसून ऱ्हायलो."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो, उतरला असता तर गाडी आली असती ना माझ्या अंगावर, मानसांसकट! अन् बसून कुठं ऱ्हायले? हॉर्न कोन दाबून धरला हुता मग? पान्यात मला दिशाच कळंना. हॉर्नकडं सरकत सरकत आलो मी, एकेक भोक धरत."

"हॉर्न?" अप्पांना आठवेना. "दाबला आसंल."

"दाबला आसंल म्हनं! सोडला न्हाई तुमी, मी दारात येईस्तोवर."

अप्पा कठड्याला टेकले. मग त्यांनीही एका भोकात हात घालून बघितला. मी दोघांपासून जरा लांब जाऊन उभी राहिले.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. विरोधही खोटा नव्हता. एक शेतकरी उठून म्हणाला, "पुरात वाहून आल्याली झाडं जुन्या कमानीत अडकत्यात अन् पानी आमच्या रानात शिरतंय. आठवनी तुमच्या, नुकसान आमचं." सरपंचबाईंनी अप्पांना बोलायला सांगितलं. मी मनात लिहिलेल्या भाषणातलं त्यांनी अक्षरही वापरलं नाही.

"मी पाडा म्हनायला आल्तो," अप्पा म्हणाले. "आता न्हाई म्हनत. ह्या पुलानं मला एक मानूस परत दिल्यालं हाय. गाड्या नका नेऊ त्येच्यावरनं, लई झालं त्येला. मानसं चालू द्या." आणि खाली बसले.

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: पूल पायी चालायला ठेवावा, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी कमानीतली लाकडं गावानं काढावीत. हा ठराव आता सरकारी दफ्तरात गेलाय. तिथं त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. बघायला जायचं असेल तर फार थांबू नका.

हडपसरला पोचेस्तोवर अंधार पडला होता. अप्पांनी पाय धुतले, चहा घेतला. नवऱ्यानं विचारलं, "मग, कसा होता पूल?"

अप्पांनी कप खाली ठेवला.

"केवढासा हाय ओ," ते म्हणाले. "चालत गेलं तर चार मिंटं बी लागत न्हाईत. मला आपला लई लांब वाटायचा."