यमुनामावशींचं पेव

यमुनामावशी गेल्याचं मला आकुर्डीत, कंपनीच्या गेटवर कळलं. पहिली शिफ्ट सुटली होती. शेजारचा तुकाराम सायकल धरून उभा होता. "मावशी गेल्या, राव," एवढंच बोलला...

दुष्काळात आम्ही मराठवाड्यातून काळेवाडीत आलो, तेव्हा रेशनच्या दुकानात धान्य आलं तर आलं. मावशी मूळच्या काळेवाडी गावच्या, जुन्या घरातल्या. त्यांच्या परसात जमिनीखाली धान्य साठवायचं पेव होतं, पण कित्येक वर्षं बंद. त्यांचे यजमान ज्वारी काढायला आत उतरले आणि कोंडलेल्या हवेनं तिथंच गेले. तेव्हापासून परसात कुणी फिरकत नसे. त्या दुष्काळानंतरच्या सुगीत मावशींनी स्वतःच ते उघडलं. गावची घरं, आमची बौद्ध वस्ती, ज्याला जमेल त्यानं ज्वारी आणून ओतायची आणि अडल्या वेळी सगळ्यांनी खायची, असं त्यांच्या मनात होतं. वस्तीचं धान्य आपल्यात कसं मिसळायचं, म्हणून दीर अडून बसले. मावशी आवाज न चढवता म्हणाल्या, "माझा माणूस गेलाय त्यात. काय पडंल ते मी ठरवीन."

पुढं कंपनीत टाळेबंदी झाली, तेव्हा त्या पेवावर आमच्या गल्ल्या जगल्या. उघडताना आधी कंदील आत सोडायचा. विझला तर हवा वाईट. पण त्याही आधी मावशी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून हलकेच काही विचारायच्या आणि कान लावायच्या. एकदा कंदील नीट जळत होता, तुकारामचा पाय शिडीवर होता. मावशींनी त्याचा दंड धरला. "आज नगं. ते न्हाई म्हणत्यात." घरी पोरं उपाशी, तो चिडला. मी वाकलो. आतून लांब सुस्काऱ्यासारखं काही आलं... वारा असेल. दोर आणखी सोडला, तर तळाशी ज्योत पटकन मिटली.

दर सुगीआधी पेव आतून सारवायचं काम मावशींचं. दुसऱ्या कुणाला त्या उतरू देत नसत. यंदा मी उतरलो. भिंतीवर त्यांच्या बोटांच्या ओळी होत्या. तळाजवळ मात्र वीतभर जागा त्यांनी कधीच सारवली नव्हती. वर्षानुवर्षांचे लेप भोवती चढत गेले होते आणि मध्ये, कोनाड्यासारख्या खळग्यात, रुंद पुरुषी पंजा उमटलेला होता, बोटं वरच्या दिशेला.

वरून तुकारामनं विचारलं, काय झालं म्हणून.

"काही नाही," म्हटलं, "शेणमाती सोड खाली."

मी सारवत गेलो. पंजाभोवती हात आपोआप वळला.