मिनिटाला चौसष्ट

गोजराबाईंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. दिघ्यात नळाला पाणी पाचला येई आणि पाऊण तासात जाई. सातला त्या कंपनीत बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या. मिनिटाला अठ्ठेचाळीस बाटल्या. चोवीस वर्षं मोजून डोळ्यांना सवयच लागलेली. सर्दीपडशासाठी त्यांनी कधी खाडा केला नाही.

त्या ऑक्टोबरातही नाक गळत होतं, तरी त्या कामावर गेल्या. घरी येऊन तीन महिन्यांच्या नातीचे, अबोलीचे, रोजच्यासारखे मुके घेतले. पाचव्या दिवशी अबोलीचं नाक वाहू लागलं, मग खोकला धरला. गोजराबाईंनी ओव्याची धुरी दिली. खोकला वाढला.

"आई, धूर नको. दूधपण अर्धंच प्यायली," सून रुतिका म्हणाली.

"माझी दोन पोरं धुरीवरच वाढली," म्हणता म्हणता गोजराबाईंची नजर पोरीच्या छातीवर गेली. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. त्यांनी घड्याळ लावून पुरतं मिनिटभर श्वास मोजले. चौसष्ट. पुन्हा मोजले. त्रेसष्ट.

"रिक्षा आन. पट्टा लई जोरात पळतोय."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "तुम्हाला पडसं झालं ना, बहुतेक तोच विषाणू. आरएसव्ही म्हणतात. मोठ्या माणसाचं नाक गळतं आणि संपतं. हिच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजल्यात, चिकट पाण्याने भरल्यात."

"मग सुई द्या की."

"त्याला मारणारं औषध नाही. ऑक्सिजन देऊ, नाक साफ ठेवू, दूध थोडं थोडं. बाकीचं काम तिच्या शरीराचं. धुरी मात्र बंद."

"म्हंजी माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळे, नाहीतर आणखी कुणामुळे. श्वास कुणी मोजले?"

"म्या."

"म्हणून वेळेवर आलात."

गोजराबाईंनी जन्मातला पहिला खाडा केला. तोंडाला मास्क लावून त्या खाटेशी बसल्या. अठ्ठावन्न. बावन्न.

"मावशी, मशीन मोजतंय ना," नर्स म्हणाली.

"पट्ट्यावरबी मशीनच हाय. त्याच्या चुका मीच धरते."

तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस. अबोलीने पोटभर दूध ओढलं आणि सगळा वॉर्ड जागा होईल असं भोकाड पसरलं. रुतिका हसता हसता रडली. गोजराबाईंनी मोजणं सोडलं.

घरी आल्यावर शेजारची बयाबाई नाक पुसत, हात पसरून आत शिरली.

"आधी हात धू."

"अगो, मी परकी हाय का?"

"परकी न्हाईस, शेंबडी हायेस. बरी झाल्यावर ये."

बयाबाई फणकारली, मग स्वतःच हसली आणि उंबऱ्यावरूनच पोरीशी बोलत बसली. पण हात धुवायचं तर सगळ्यांनाच बाळाच्या पाळण्यावरून मोरीत जावं लागे. हे गोजराबाईंना खटकलं.

गोजराबाईंच्या हातात दिवाळीचा बोनस आला. मुलगा निकेश मोठ्या टीव्हीचं नाव काढत होता. गोजराबाईंनी प्लंबर बोलावला आणि दाराबाहेर, वर लहान टाकी ठेवून, बेसिन बसवून घेतलं.