तांड्यावर पोलीस आलता

नागपूरला एम.ए.ला असताना मी गुन्हेगारीशास्त्राचा पेपर घेतला, कारण मला फौजदार व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. त्या पुस्तकात जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा एक धडा होता आणि त्यात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारे, होतो. तसं ठरवणारा इंग्रजांचा कायदा केव्हाचा रद्द झालेला, पण पुस्तकाला त्याचा पत्ताच नव्हता. प्राध्यापक निवांत शिकवत आणि मी आतल्या आत जळत बसायचो. परीक्षेत मात्र तेच लिहिलं. करतो काय, मार्क पाहिजे होते.

पुढे फौजदारकीची परीक्षाही पास झालो. आता फक्त चारित्र्याची चौकशी राहिली होती. पोलीस गावी जातो, पोरगा इथलाच का, वागणूक कशी, एवढं विचारतो, झालं. मी आरशापुढं सलाम ठोकायला शिकत होतो.

दिवाळीला उमरखेडकडच्या आमच्या तांड्यावर गेलो, तर याडी, म्हणजे माझी आई, दारातच खुशीत सांगते, "पोलीस आलता तुले शोधाले. आम्ही साऱ्याइनं सांगतलं, असा पोरगा इथं राह्यतच नाही."

अख्खा तांडा एका तोंडानं नाही म्हणाला होता. मी कपाळ बडवून घेतलं.

"अवं याडी, नोकरीसाठी आलता तो. कायले खोटं सांगतलं?"

तिला ते पटेना. कोणाचं भलं करायला पोलीस तांड्यावर आलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. माझा असा संताप झाला की मी जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन ठाण्यात गेलो. जवानीत बाप गुन्हेगार जमातीचा म्हणून याच ठाण्यात हजेरी द्यायला यायचा. काय बोलायचं ते वाटेत परत परत समजावलं. तो हो हो म्हणत होता.

जमादारानं कागद पुढं ओढला आणि सवयीनं आवाज चढवला, "काय रे, हा तुहा पोरगा हाये का?"

बापानं पागोटं काढून हातात घेतलं. माझ्याकडं बघितलंच नाही.

"नाही साहेब. मी नाही ओळखत याले."

मी नुसता ओरडत राहिलो, बा, सांग ना, सांग ना. जमादार हसला, तेवढंच लिहिलं आणि कागद वर पाठवून दिला. फौजदारकी गेली.

आम्ही बाहेर आलो. बापानं इकडंतिकडं पाहिलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वाचला तू," म्हणाला.