गार नळीची गोळी

थंडीनं बोटं आखडली होती. मामांनी नव्या, बारीक गोळीच्या रायफलला हळदकुंकू वाहिलं आणि रानडुकरांनी अर्धा खाल्लेला भोपळा बांधावर ठेवून नेम बसवायला घेतला. पहिली गोळी मातीत गेली. नेमाचा स्क्रू फिरवून झाडलेल्या दुसऱ्या गोळीनं भोपळ्याचा लाल गर भसकन उडाला.

"मारा की अजून एक!" मी ओरडलो.

"नळी तापलीय. तापल्या नळीची गोळी जरा भलतीकडं जाते. डुकराला लागणार ती गार नळीची गोळी. नेम गार नळीवरच बसवायचा," म्हणत मामा रायफल मांडीवर घेऊन बसले.

काल तुडवलेलं शेत बघून हेच मामा शिव्या देत काठी घेऊन धावले होते. एकही डुक्कर सापडलं नाही. संताप नुसता धावतो. मारणारी माणसं अशी शांत बसून राहतात.

तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा मामांनी नळीला पालथा हात लावला.

"झाली गार," ते हळूच म्हणाले.