मैत्री क्लबचा सेक्रेटरी

देवाजीकाकांना रशियन येतं, असं भिलाईच्या कॅम्प-एकमध्ये सगळे म्हणत. खरं तर त्यांना क्रेनपुरतं रशियन येत होतं. 'वीरा' म्हणजे उचला, 'माइना' म्हणजे खाली सोडा, 'खराशो' म्हणजे झकास. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी धम्मदीक्षा घेतल्यावर वर्षभरातच ते पोलाद कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे क्रेनला भार बांधणारा मजूर, म्हणून लागले. ब्लास्ट फर्नेसचे लोखंडी तुकडे वर चढवता चढवता निकोलाय पेत्रोविच या सोव्हिएत इंजिनिअरच्या हाताखाली त्यांनी ही विद्या मिळवली. पुढे त्यात चहा, पाऊस, बायको, चांगला माणूस असे पाचपन्नास शब्द जमा झाले, आणि सरकारी दुभाषी संध्याकाळी घरी गेले की काकांना मागणी येऊ लागली.

साठ साली मैत्री क्लबच्या सेक्रेटरीची जागा रिकामी झाली. क्लब दोन्ही देशांचा. अध्यक्ष सोव्हिएत, म्हणजे निकोलाय पेत्रोविच, आणि सेक्रेटरी भारतीय. पण अध्यक्षाने मान हलवल्याशिवाय सेक्रेटरी होत नसे. त्या जागेबरोबर टेबल टेनिसच्या खोलीची किल्ली मिळायची आणि मॉस्कोच्या मैत्री परिषदेला जायला मिळायचं. किल्लीवर कोणाचा डोळा नव्हता.

उमेदवार दोन. एक काकांचेच फोरमन ओमप्रकाश, पंजाबचे. दुसरे ड्रॉइंग ऑफिसातले भादुडीबाबू. पंजाबी म्हणत, आता आमची पाळी. बंगाली म्हणत, लिहिण्यावाचण्याच्या कामात पाळी कसली? मद्रासकडची मंडळी कोणाच्या बाजूची ते सांगत नव्हती, त्यामुळे त्यांना महिनाभर दोन्हीकडचा चहा मिळाला.

मग भादुडीबाबूंनी निकोलाय पेत्रोविचला घरी जेवायला बोलावलं आणि दुभाषी म्हणून काकांना. पाठोपाठ ओमप्रकाशचंही बोलावणं आलं. काका पेचात सापडले. ओमप्रकाश फोरमन; भादुडीबाबूंचे मेव्हणे क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात, आणि काकांचा अर्ज तिथेच पडलेला.

"एकाचं आयकलं त नोकरी जाते, दुसऱ्याचं आयकलं त क्वार्टर जाते," ते रुक्माकाकूला म्हणाले.

काकू तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "मंग दोघायलेबी चांगलं म्हना. चांगलं म्हनल्यानं कोनाचं काय जाते?"

काकांना ते पटलं. शिवाय वाईट बोलायला लागणारे रशियन शब्द त्यांच्याजवळ फारसे नव्हतेच.

भादुडीबाबूंनी माशाचं कालवण वाढलं आणि ओमप्रकाशला चार ओळींचं पत्र धड लिहिता येत नाही, असं पोटतिडकीने सांगितलं. काकांनी रशियनमध्ये सांगितलं, "म्हणतात, ओमप्रकाश चांगला माणूस. फार काम करतो." तीन दिवसांनी ओमप्रकाशने पराठे वाढले आणि भादुडीने जन्मात पेन्सिलीहून जड काही उचललं नाही, असं ठणकावलं. काका म्हणाले, "म्हणतात, भादुडी चांगला माणूस. पेन्सिल खराशो."

निकोलाय पेत्रोविच गहिवरला. त्याने ओमप्रकाशला मिठी मारली, भादुडीबाबूंना तर आधीच मारली होती. दोघांनीही मिठीचा अर्थ आपापल्या सोयीने घेतला. ओमप्रकाशने गरम कोट शिवायला टाकला. भादुडीबाबूंनी कलकत्त्याहून लोकरीचे मोजे मागवले.

सभेच्या दिवशी काकांचं नशीब फिरलं. लीदा नावाची सरकारी दुभाषी बाई हजर होती, आणि तिचं हिंदी काकांहून स्वच्छ होतं. निकोलाय पेत्रोविच उभा राहिला. इतकी वर्षं देशोदेशी काम केलं, पण एकमेकांची इतकी तारीफ करणारे उमेदवार कुठे पाहिले नाहीत, असं म्हणून त्याने कोण काय बोललं ते शब्दशः सांगितलं. लीदाने ते हिंदीत आणलं. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग काकांकडे.

पण आता बोलणार काय? मी असं बोललोच नाही म्हणायचं, तर काय बोललो तेही सांगावं लागणार. अखेर ओमप्रकाश उठला आणि दातओठ खात म्हणाला, सेक्रेटरी भादुडीबाबूच व्हावेत. भादुडीबाबूंनी ओमप्रकाशचं नाव सुचवलं. ही भलाई अर्धा तास चालली. कोणीच मागे हटेना. शेवटी निकोलाय पेत्रोविचला काहीतरी वास आला आणि त्याने काकांना उभं केलं.

काकांनी खरं ते सांगितलं. घरी सांगताना ते आपल्या बोलीत सांगत: "म्या म्हनलो, साहेब, एकच भार दोघं दोन्हीकून ओढून राहिले होते. तार तुटली असती. म्या जराशी ढील देली."

लीदाने हे सांगितल्यावर निकोलाय पेत्रोविच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि त्याने काकांचंच नाव पुढे केलं. ओमप्रकाशने लगेच हात वर केला, कारण काका भादुडी नव्हते. भादुडीबाबूंनीही केला, कारण ते ओमप्रकाश नव्हते. मद्रासकडच्यांनी सगळ्यांत शेवटी केला.

काकांना टेबलाशी बसवलं. गावी काकांचे वडील पाटलाच्या अंगणात उभ्यानेच बोलत, बसा असं त्यांना कधी कोणी म्हटलं नाही. काका खुर्चीच्या कडेवर टेकले. लीदा हळूच म्हणाली, नीट मागे टेकून बसा. ते बसले, आणि बराच वेळ त्यांना समोरचं काही ऐकू आलं नाही.

मॉस्कोला तेच गेले. ओमप्रकाशने आपला कोट दिला. खांद्यात ढगळ होता. मोजे भादुडीबाबूंनी दिले नाहीत. परत आल्यावर काकूने विचारलं, एवढी मोठी माणसं जमून तिथे करतात तरी काय?

"तीन दिवस अध्यक्ष कोन त्याच्यावरच बोलून राहिले होते," काका म्हणाले. "मले सगळं समजे."

पुढे चार वर्षं ते सेक्रेटरी राहिले. क्लबात नागपूरचं मराठी वर्तमानपत्र त्यांनीच सुरू केलं, आणि रविवारी खलाशांच्या बायकांसाठी सिनेमा. क्वार्टर मात्र त्रेसष्ट साली मिळालं, रीतसर नंबर लागल्यावर.