सुनंदाची जुनी डिस्क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना तर नाहीच. तसा मी तोंडाचा घट्ट माणूस नव्हे. पाटणच्या स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं येऊन बघ, दिवसभर माझी टकळी चालू असते. फक्त ही एक गोष्ट ओठांपर्यंत आली की — जाऊ दे म्हणतो. जाऊ दे, जाऊ दे म्हणता म्हणता सहा वर्षं गेली.

कोयनानगरच्या रस्त्याला एक गाव आहे, घरटी एक तरी माणूस फौजेत असलेलं. तिथल्या माजी सैनिकांनी एक हॉल बांधला. पुढाकार सुभेदार आबांचा, आणि खरं काम सुनंदाचं. हवालदाराची मुलगी, बारावी झालेली. दोन वर्षं ती हातातला छोटा रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या फौजींच्या सोप्यावर बसली. त्यांना बोलतं केलं. रेकॉर्डर भरला की सगळं हॉलमधल्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि तो रिकामा करून पुढच्या घरी जायची. सगळ्यात शेवटी तिनं स्वतःच्या वडिलांना बसवलं. आप्पा त्याच श्रावणात गेले.

मला काम दिलं होतं साधं. त्याच कॉम्प्युटरचा सर्व्हर करायचा. हॉलमध्ये कुठंही बसून हेडफोन लावला की माणसाला आवाज ऐकता यावेत, एवढंच. त्यासाठी एक नवी कोरी डिस्क आत बसवायची, सर्व्हरची सिस्टीम नव्या डिस्कवर टाकायची आणि आवाजांची जुनी तशीच ठेवायची. उद्घाटन दसऱ्याला. हातात पंधरा दिवस होते. मी काय केलं? नवी डिस्क तेवढी बसवून आलो आणि उद्या करू, परवा करू करत खंडेनवमी उजाडवली.

त्या दिवशी गेलो तर मशीनची पूजा झालेली. कॅबिनेटला झेंडूचा हार, वर नारळ, हळदीकुंकू. आबा म्हणाले, पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई, उद्या सकाळी या. आणि पाहुणे येईपर्यंत हार-नारळ हलवायचा नाही, हेही बजावलं. म्हणजे कॅबिनेट उघडायचं नाही. आता तुला सांगतो, आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं — सिस्टीम टाकताना ज्या डिस्कला धक्का लागता कामा नये, तिची वायर आधी काढून ठेवायची. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

सुनंदालाही माहीत होतं. दसऱ्याच्या सकाळी ती म्हणाली, "दादा, हार मी काढते, आबांना मी सांगते. जुनी डिस्क तेवढी सोडवून ठिवूया." मला राग आला. बारावी झालेली पोरगी, आणि मी सांगलीतनं डिप्लोमा केलेला! म्हटलं, तू मला शिकवू नकोस, जा, रांगोळी काढ. ती गेली बिचारी.

स्क्रीनवर दोन डिस्क दिसत होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. नावं नाहीत, नुसते आकडे — शून्य आणि एक. कुठली जुनी? आधी नीट तपासायला हवं होतं. दारात गाड्यांचे आवाज यायला लागले होते. मी शून्य निवडली. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीननं विचारलंसुद्धा. मी हो म्हटलं. मग दुसऱ्या ओळीकडे नजर गेली. ती डिस्क रिकामी होती. अगदी कोरी. म्हणजे मी पुसली ती जुनी.

इथं थांब. चूक झाली, मान्य. चूक कुणाचीही होते. पण त्या क्षणी डिस्कवर काय कुठं आहे त्याची फक्त यादी पुसली गेली होती, आवाज आत तसेच होते. तिथंच मशीन बंद करून बाहेर जाऊन सांगितलं असतं, तर दोन-चार दिवसांत सगळं परत काढता आलं असतं. एवढ्या पाहुण्यांसमोर? एवढ्याशा पोरीसमोर? मी पुढचं बटण दाबलं. त्याच डिस्कवर सिस्टीम चढू दिली.

पाहुण्यांनी फीत कापली, हेडफोन लावला, आणि काहीच वाजेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत सुनंदाच पुढं झाली. रडवेली. "काल पूजेला पाणी शिंपडायचं म्हणून मी सरळ बोर्डावरनं बंद केलं वं दादा. त्यानं तर न्हाई ना झालं?"

मी म्हणालो, व्हय. त्यानंच.

मला खोटं रचावंही लागलं नाही. तिनंच हातात आणून दिलं, मी घेतलं. आबांनी संध्याकाळी हॉलच्या किल्ल्या तिच्याकडून मागून घेतल्या. गावात बायका बोलल्याच, बापाचा आवाज हिनंच घालवला म्हणून. तेव्हापासून तिनं कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. घरी शिलाई मशीन चालवते.

पुण्याला दाखवतो म्हणून ती डिस्क मी काढून आणली. दुसऱ्या कुणा जाणकारानं बघू नये म्हणून आणली, खरं तेच. कॅबिनेट उघडलं तेव्हा तिच्यावर कागद चिकटवलेला दिसला, सुनंदाच्या अक्षरात — जुनी, हात लावू नये. पुण्याला मी गेलोच नाही. तिला सांगितलं, काही होत नाही म्हणाले.

पण होण्यासारखं होतं. सिस्टीम काय, डिस्कचा एक कोपरा व्यापते. गेल्या वर्षी एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ती डिस्क जोडली आणि पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम लावला. तासाभरात एकेक फाइल वर यायला लागली. एक लावली. खोकला. मग आप्पा — "चालू झालं व्हय गं? आता काय बोलू?" आणि मागं सुनंदाचं हसणं.

मी हेडफोन काढला. हे तिला द्यायचं तर कुठून आलं ते सांगावं लागणार. डिस्क परत खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

दर दसऱ्याला ती दुकानात येऊन मला सोनं देते, त्या दिवशी दादांनी लय धडपड केली म्हणून. यंदाही आली. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, पाया पडली. जाताना म्हणाली, "आप्पांचा आवाज कसा हुता, त्येच आता ध्यानात येईना झालंय बघा, दादा."

मी त्याच खणाला टेकून उभा होतो. म्हणालो, असंच असतं गं, वेळ जाईल तसं.